ब्लूबर्ड के७ पाण्यात उतरते तेव्हा नेमकं बघायचं काय?

प्रश्न असा आहे: ‘मी लँकेस्टरला शिकतो. वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्बेलची जेट इंजिनाची बोट, ब्लूबर्ड के७, दुरुस्त करून २०१८ मध्ये पाण्यात उतरवली, त्याचे व्हिडिओ बघितले. ताशी ३०० मैलांची बोट म्हणतात आणि व्हिडिओत ती त्याच्या निम्म्यानेच पळते. पुढे कधी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन सरोवरावर चालवली तर पैसे आणि सुट्टी खर्चून बघायला जावं का? आणि निम्मी नवी बांधलेली बोट “तीच बोट” कशी काय?’

आधी माझी ओळख, म्हणजे माझ्या सांगण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. बोटींमधलं मला फारसं कळत नाही, पोहायलाही बेताचंच येतं. पण के७ च्या पोटात जे जेट इंजिन आहे, ऑर्फियस, त्याच्यावर माझी उमेदीची वर्षं गेली. किरण मार्क २ विमानात तेच इंजिन. नॅटमध्ये तेच, अजीतमध्ये तेच, आपल्या मरुतमध्ये तर त्याच घराण्यातली दोन. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने बंगळूरला ते परवान्यावर बनवलं. त्यामुळे २०१८ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोला मुलीकडे असताना ही बोट स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावर, लॉख फॅड नावाच्या तळ्यात उतरणार असं कळलं, आणि मी बायकोला घेऊन फेरीबोटीने तिकडे गेलो.

तुमचा प्रश्न वेगाबद्दल आहे. पण वेग बघायचा म्हणून गेलात तर नक्की निराश व्हाल. ताशी २५० मैलांची वस्तू काठावरून बघणाऱ्याला जेमतेम काही सेकंद दिसते, आणि मोबाईल हातात असला तर तेवढीही नाही. कॉनिस्टनच्या काठावर १९६७ साली जे लोक उभे होते, त्यांनीही निळा ठिपका आणि पाण्याची शेपटी एवढंच पाहिलं असणार. अशी बोट पाण्यात परत येते तेव्हा बघण्यासारखं जे असतं ते सगळं ताशी शून्य ते शंभर मैलांत घडतं. ते ओळखता आलं तर दिवस वसूल. न आलं तर तुम्ही थंडीत चार तास उभं राहून एक निळी बोट पाहून याल.

थोडा इतिहास, भराभर. नॉरिस बंधूंनी, केन आणि लू यांनी, आराखडा केला. १९५५ च्या जुलैत इंग्लंडमधल्या अल्सवॉटर सरोवरावर तिने ताशी २०२.३२ मैलांचा पहिला विक्रम केला, आणि तिथून १९६४ पर्यंत एकूण सात. शेवटचा ऑस्ट्रेलियात डंबलयंग सरोवरावर, २७६.३३ मैल, तारीख ३१ डिसेंबर. तारीख मुद्दाम सांगतो. त्याच वर्षी जुलैत कॅम्बेलने जमिनीवरचा विक्रमही केला होता, ४०३.१० मैल, आणि एकाच वर्षात दोन्ही विक्रम करायचे म्हणून वर्ष संपायच्या काही तास आधी हा दुसरा पदरात पाडला. तशी जोडी आजवर दुसऱ्या कोणाला जमलेली नाही. मग ४ जानेवारी १९६७, कॉनिस्टन वॉटर, ३०० चा आकडा गाठायचा प्रयत्न. जाताना सरासरी २९७.६. परतताना ३२८ च्या आसपास असताना नाक उचललं गेलं, बोट हवेत उलटली आणि पाण्यावर आपटून फुटली. बिल स्मिथ नावाच्या पाणबुड्याने ती २००१ च्या मार्चमध्ये वर काढली, मे महिन्यात कॅम्बेलचा देह मिळाला आणि सप्टेंबरात कॉनिस्टन गावात दफन झालं.

आता इंजिनाचं, कारण माझ्या मते गोष्ट तिथून सुरू होते. के७ मध्ये मुळात बेरिल नावाचं जुनं इंजिन होतं. ३०० च्या प्रयत्नासाठी १९६६ मध्ये ते काढून ऑर्फियस बसवलं. ते हलकं आणि जास्त जोराचं, साधारण ४,५०० पौंड रेटा देणारं. सुट्या भागांसाठी कॅम्बेलने एक अपघातग्रस्त नॅट विमानच विकत घेतलं, आणि बोटीवरचं उभं शेपूट त्या नॅटचंच लावलं. १९६५ च्या युद्धातली नॅटची कामगिरी आपल्याकडे पोरांनाही तोंडपाठ होती. त्या विमानाचं शेपूट एका इंग्रज सरोवरात बोटीवर, ही गोष्ट आमच्या सेक्शनमध्ये कोणी सांगितली असती तर थाप म्हणून सोडून दिली असती.

पण विमानातलं इंजिन बोटीत बसवणं म्हणजे डबा बदलणं नव्हे. नव्या इंजिनाला हवा जास्त लागते. नोव्हेंबर १९६६ मध्ये पहिल्या चाचण्यांत त्याने हवा इतक्या जोरात ओढली की बोटीची हवा घेणारी तोंडंच आत चेपली आणि त्यांचे तुकडे इंजिनाने गिळले. दुसरं इंजिन बसवावं लागलं. आमच्या भाषेत याला एफओडी म्हणतात, परकी वस्तू आत जाऊन झालेलं नुकसान. मी एकदा ग्राउंड रननंतर, म्हणजे विमान जमिनीवर उभं ठेवूनच इंजिन चालवून पाहिल्यावर, कंप्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पहिल्या रांगेतल्या पात्यांवरून नख फिरवत होतो. डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं, पण एका पात्याच्या कडेला नख अडकलं. तांदळाच्या कणीएवढी खाच. विमान उभं राहिलं, इंजिन खाली उतरलं, आणि आम्ही पुढचे दोन दिवस एक हरवलेला लॉकिंग वायरचा तुकडा कोणाच्या खिशातून पडला त्याचा हिशेब देत बसलो. तो माझ्याच खिशातला होता. म्हणून काठावर टीमची माणसं बोटीच्या तोंडात टॉर्च घालून अर्धा अर्धा तास डोकावताना दिसली तर कंटाळू नका. ते नखच फिरवत असतात.

आणि आता पाणी. जेट इंजिनाला थोडा पाऊस चालतो, बादलीभर पाणी चालत नाही. जळती ज्योत विझते, त्याला फ्लेम-आउट म्हणतात. के७ ची सगळी मेख इथे आहे. ही तीन टेकूंची बोट. पुढे दोन्ही बाजूंना बाहेर काढलेले दोन पंजे, त्यांना स्पॉन्सन म्हणतात, आणि तिसरा टेकू मागे, बुडाशी. पळताना ती फक्त या तीन ठिकाणी पाण्याला टेकते. पण उभी असते तेव्हा? अडीच टनांचं धूड पोटापर्यंत पाण्यात बसलेलं असतं, आणि हवा घेणारी तोंडं चालकाच्या दोन्ही बाजूंना, पाण्यापासून हाताच्या अंतरावर. इंजिनाचा रेटा वाढवला की बोट पुढे ढकलली जाते, नाकापुढे पाण्याचा ढीग होतो, तुषार थेट तोंडांत. रेटा कमी केला तर ती पाण्यातून वर येतच नाही. जास्त दिला तर पाणी पिऊन विझते. मधला एक चिंचोळा रस्ता आहे आणि चालकाला तो पायाखालच्या पेडलने शोधायचा असतो.

१९५५ मध्ये कॅम्बेलची माणसं याच ठिकाणी महिनोन्महिने अडकली होती. नवी कोरी बोट पाण्यावर उचललीच जाईना. पुढचा आडवा दांडा, ज्यावर स्पॉन्सन अडकवलेले आहेत, तो वर घ्यावा लागला तेव्हा कुठे पाण्याचे फवारे तोंडांपासून दूर गेले. आता विचार करा, आराखडा करणाऱ्यांनाच जे जमायला एवढा वेळ लागला, ते साठहून जास्त वर्षांनी, मोडक्या तुकड्यांतून बांधलेल्या बोटीवर, ती याआधी कधीही न चालवलेल्या माणसाने करायचं. मला विचाराल तर ताशी १५० मैलांपेक्षा ही कसोटी मोठी.

मी गेलो त्या दिवशी सकाळभर काहीच झालं नाही. वारा होता. वाऱ्याने पाण्यावर उठणारी इंचभर लाटसुद्धा या बोटीला खडबडीत रस्त्यासारखी लागते, त्यामुळे सगळे आभाळाकडे बघत बसले. बायकोने डब्यातले पराठे काढले, शेजारच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला दिले, त्यांनी चहा दिला. दुपारनंतर पाणी शांत झालं. मी पाठ करून बसलो होतो आणि मागून आवाज आला. आधी तो चढत जाणारा बारीक सूर, मग आत काहीतरी ‘हुफ्’ करून पेटल्यासारखा दबका धक्का, मग सूर स्थिर. मी न बघता म्हणालो, ‘लाइट-अप झालं.’ हात मनगटावरच्या घड्याळाकडे गेला, सेकंद मोजायला, आणि डोक्यात आलं की आता जेट पाइपचं, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीचं, तापमान कोण वाचतंय. पाठोपाठ केरोसीनचा वास. बायको म्हणाली, ‘एवढा खर्च करून स्कॉटलंडला आलो आणि तुम्ही मला बिदरला, हवाई दलाच्या तळावर आणलंत.’ खरं होतं.

मग बोट हळूहळू सरकली. नाक जरा वर, शेपूट खाली, मागे पाणी उकळल्यासारखं. असं बरंच अंतर गेली, नांगरटीच्या बैलासारखी. मग आवाज चढला, पांढऱ्या फवाऱ्यात ती जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि एका क्षणी फवारा एकदम मागे पडला. निळी बोट पाण्याच्या वर, आडवी, सपाट, आणि तिच्याखालून उजेड दिसतोय. स्पॉन्सनच्या मागे दोन बारीक रेघा उरल्या. हे सगळं तीन-चार सेकंदांत झालं. हा क्षण बघायला जायचं. माझ्या शेजारचा म्हातारा काही बोलला नाही, त्याने टोपी काढली आणि परत घातली.

आता तुमच्या ‘निम्म्या वेगाने का’ याबद्दल. काही भाग परिस्थितीवर अवलंबून आहे: सरोवर किती लांब, त्या दिवशी वारा कसा, चालकाचे त्या बोटीत किती तास झालेत. कॉनिस्टनवर तर एरवी ताशी १० मैलांची मर्यादा आहे, त्याहून जोरात जायला खास परवानगी लागते. पण परिस्थिती कितीही अनुकूल असली तरी मी तिला जोरात पळवा म्हणणार नाही, आणि कारण साध्या गणिताचं आहे. हवेचा उचलण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५० ला जो जोर नाकाखाली असेल त्याच्या चौपट ३०० ला. विमानात हा जोर हवाच असतो. इथे बोट पाण्याला चिकटून राहायला हवी, आणि ३०० च्या पुढे ती जवळजवळ उडण्याच्या काठावर असते. नाक एखाद-दोन अंशांनी जास्त उचललं गेलं की हवा खाली शिरते, आणि मग चालकाच्या हातात काही उरत नाही.

अपघाताच्या दिवशी कॅम्बेलचं नेमकं काय झालं यावर अजून वाद आहेत. विक्रमासाठी एका तासात दोन्ही दिशांनी पळायचं आणि सरासरी काढायची असा नियम. पहिल्या फेरीनंतर इंधन भरून, पाणी शांत होऊ देऊन परत निघायचं अशी पद्धत असताना तो थांबला नाही. टाकीत इंधन कमी म्हणजे बोट हलकी. पाण्यावर स्वतःच्याच पहिल्या फेरीच्या लाटा. शेवटी इंजिनही विझलं असावं असं बरेच जण मानतात. फिटर म्हणून मला यातला शेवटचा मुद्दा पटतो. या बोटीत इंजिनाचा रेटा पाण्याच्या ओढीपेक्षा वरच्या रेषेत असतो, म्हणजे इंजिन चालू आहे तोवर ते नाक खाली दाबायला मदत करतं. रेटा अचानक गेला की ती दाबणारी पकडही जाते. पण एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी पाहिलेल्या अपघातांच्या चौकश्यांत तीन-चार लहान गोष्टी एकाच वेळी जुळून आलेल्या असायच्या.

आणि धातूचाही विचार करा. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, ५० च्या दशकातला, त्यातला बराचसा ३४ वर्षं दीडशे फूट पाण्याखाली राहिलेला. तो उभा राहिला हेच खूप. मार खाल्लेल्या धातूत भेगा कुठे लपल्यात ते तपासता येतं, पण शंभर टक्के खात्री कोणी देत नाही. विक्रमाची तर गोष्टच सोडा. तो १९७८ पासून ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीच्या नावावर आहे, ३१७.६ मैल, घरामागच्या अंगणात बांधलेल्या लाकडी बोटीने. के७ ला तिथे काही सिद्ध करायचं उरलेलं नाही.

‘तीच बोट का’ या प्रश्नावर लोक हातघाईवर येतात. माझं मत सांगतो. इंजिन मूळ नाही, ते शक्यच नव्हतं, दुसरं ऑर्फियस बसवलं. चालक बसतो तो पुढचा भाग अपघातात फुटून गेला होता, तो नव्याने घडवला. पण सांगाडा आणि पत्र्याचा मोठा हिस्सा जुनाच. स्मिथ आणि त्याच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनी चेपलेले पत्रे फेकून न देता ठोकून सरळ केले, परत जागेवर बसवले, वर्षानुवर्षं. हे नवं बनवण्यापेक्षा कितीतरी कटकटीचं काम आहे. एक वाकलेलं इन्स्पेक्शन पॅनल सरळ करताना मी किती शिव्या दिल्यात ते मला माहीत. आपल्याकडे वाड्याची कौलं बदलतात, कुजलेले वासे बदलतात, एखादी भिंत पडली तर परत उभारतात. जोतं आणि खांब तेच असले तर गाव त्याला त्याच वाड्याच्या नावाने ओळखतं. मी तरी के७ ला त्याच हिशेबात धरतो. हवाई दलात तर आम्ही आख्खं विमान सुट्या भागांनी बदलत नेतो आणि त्याचा शेपटीवरचा नंबर तोच राहतो.

यालाही दुसरी बाजू आहे. ती फुटलेल्या अवस्थेतच संग्रहालयात ठेवायला हवी होती, तिच्यात एक माणूस गेलाय, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं मला वेडगळ वाटत नाही. शिवाय चालवली की झिजणार. मी कामगार माणूस, यंत्र चाललेलं मला आवडतं, त्यामुळे माझा कल कुठे ते उघड आहे. वर्षातून मोजक्या वेळा, शांत पाण्यात, बेताने, एवढं चालावं. बोट कोणाची यावरूनही बरीच वर्षं ताणाताणी झाली. कॅम्बेलच्या मुलीने, जीनाने, अवशेष कॉनिस्टनच्या रस्किन म्युझियमला दिले होते, दुरुस्ती दुसरीकडे झाली. शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये बोट कॉनिस्टनला परतली. त्यामुळे ती पळो न पळो, आज उठून गेलात तरी जवळून बघायला मिळण्याची शक्यता आहे, फक्त निघण्यापूर्वी म्युझियमला विचारून घ्या. (रस्किन म्हणजे ज्याच्या पुस्तकाचा गांधीजींवर खोल परिणाम झाला तोच लेखक. त्याचं घर त्याच सरोवराच्या पूर्व काठावर आहे, वेळ असेल तर तेही बघून या.)

तर लँकेस्टरहून जावं का? तुमच्यापासून ते फार लांब नाही, तेव्हा जा. पण एका दिवसाच्या भरवशावर जाऊ नका, शक्य असेल तर दोन दिवस हातात ठेवा, कारण वारा कोणाचं ऐकत नाही. सकाळी लवकर पोहोचा, पाणी बहुधा तेव्हाच काचेसारखं असतं. बोट समोरून येताना दिसेल अशी जागा पकडण्यापेक्षा ती बाजूने दिसेल अशी पकडा, जिथून ती निघते त्याच्या थोडं पुढे. मधोमध उभे राहिलात तर ती उचलली जायचा क्षण हुकेल, नुसती सुसाट जाताना दिसेल. दुर्बीण न्या. मोबाईल पहिल्या फेरीला खिशात ठेवा, दुसरीला काढा. रेनकोट, खायला काहीतरी.

आणि शेवटच्या फेरीनंतर गर्दी पांगायला लागते तेव्हा निघू नका. बोट ट्रॉलीवर ओढून बाहेर काढतात तेव्हा जितकं जवळ जाऊ देतील तितकं जा आणि टीमची माणसं कुठे बघतात ते बघा. नाकाकडे नाही, झेंड्याकडे नाही. एक जण खाली वाकून बुडाचं बूच काढतो, आणि बाकीचे त्यातून किती पाणी पडतंय ते बघत गप्प उभे राहतात.